हाकेला येणारा तितर

चैत्रात बालाघाटावर पहाटे कान देऊन बसलं की मोराच्या केकेबरोबर आणखी एक आवाज हमखास येतो. आधी दोन-तीन सुटे टिकटिक, मग चढत जाणारं खणखणीत ‘क-टी-तर, क-टी-तर’. पाटोदा-आष्टीकडच्या रानात तोवर ज्वारी निघालेली असते, वावरात नुसती धसकटं आणि माळावरचं गवत वाळून भुईला टेकलेलं. आवाज अडवायला काही नसतं. आपल्याला ते पाखराचं गाणं वाटतं. फासेपारध्याला त्यात दमदाटी ऐकू यायची: ही जागा माझी, इकडे फिरकू नकोस. तितर धरायची त्याची सगळी विद्या या दमदाटीच्या आधाराने चालायची.

एरवी तितर चार-सहा जणांच्या लहान थव्याने फिरतात. विणीचे दिवस जवळ आले की थवा फुटतो, जोड्या लागतात आणि एकेक नर बोरी-बाभळीचा एखादा तुकडा आपला म्हणून धरून बसतो. त्या तुकड्यात दुसऱ्या नराचा आवाज आला की त्याला राहवत नाही. नराच्या पायाला मागे टोकदार काटा असतो, तो अशा भांडणात कामाला येतो. मग पारधी काय करायचा? दुसरा नर सोबतच घेऊन जायचा. हा माणसाळवलेला तितर, त्यातही बोलका. मुका तितर या कामी काडीच्या उपयोगाचा नाही.

पहिलं काम म्हणजे जागा हेरणं, आणि माझ्या मते सकाळचं यशापयश इथेच ठरायचं. रानातला नर कुठल्या झुडपातून ओरडतो ते आधी ऐकून ठेवायचं. माणसाळवलेल्या तितराचा पिंजरा त्याच्या हद्दीबाहेर ठेवला तर तो लांबूनच उत्तर देत बसणार, कारण परक्याच्या जागेत परक्याने ओरडलं तर त्याचं काय जातं? पिंजरा त्याच्या हद्दीत हवा, अगदी घरात घुसल्यासारखा. भोवती फासे मांडायचे. घोड्याच्या शेपटीच्या केसांची सरकगाठ काडीला बांधलेली, अशा काड्यांची रांग. वाळल्या गवतात तो केस माणसालाही पटकन दिसत नाही. मग पिंजऱ्यावरचं झाकण काढायचं, मागे सरून झुडपाआड बसायचं आणि हलायचं नाही.

पिंजऱ्यातला बोलतो. रानातला उत्तर देतो. पुन्हा हा, पुन्हा तो, आणि दर वेळी तिकडचा आवाज थोडा जवळून येतो. तितर सहसा उडत येत नाही, पळत येतो. अगदी अंगावर आल्याशिवाय हा पक्षी पंख उघडायचा आळसच करतो. त्यामुळे फासे जमिनीलगत लावून भागतं. शेवटच्या टप्प्यात तो मान खाली घालून सरळ पिंजऱ्यावर धावतो. एरवी पाचोळा हलला तरी दबून बसणारं हे पाखरू त्या क्षणी पिंजऱ्याखेरीज काही बघत नाही. पाय किंवा मान गाठीत जाते, आणि ओढेल तशी गाठ आवळते.

अमेरिकेत वसंतात रानटी टर्कीची शिकार होते, तिचीही तऱ्हा हाकेचीच, पण हाक उलटी. तिथला शिकारी झाडाला पाठ टेकून बसतो आणि लाकडी डबीवर झाकण घासून मादीचा आवाज काढतो. टर्कीत रिवाज असा की नर ओरडतो आणि मादी त्याच्याकडे जाते. शिकाऱ्याला नराकडून हा रिवाज मोडून घ्यायचा असतो, म्हणून तासन्‌तास लागतात. टर्की आशेने येतो, तितर रागाने. राग लवकर पोचतो.

आता परत पारध्यांकडे. माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातल्या भटक्या शिकारी जमातींचा अभ्यास केला होता. नंदीवाले कुत्री घेऊन रानडुक्कर, साळिंदर, घोरपड यांच्या मागे. वैदू लहानसहान मांसाहारी प्राणी आणि पाण्यातले जीव धरणारे. आणि काळवीट, तितर, मोर ही फासेपारध्यांची बाजू. एकाच रानात तिघांची शिकार वेगळी. फाशात गाभण हरणी किंवा पाडस सापडलं तर सोडून द्यायची पारध्यांची रीतही त्यांनी नोंदवली आहे. याच पारध्यांना इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याखाली जन्मजात गुन्हेगार ठरवण्यात आलं. तो शिक्का कागदावरून १९५२ साली पुसला गेला, गावाच्या नजरेतून अजून पुरता नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवान्यावरची शिकारही बंद झाली. आज तितराला फास लावणं हा गुन्हा आहे. पाटोदा तालुक्यातलं नायगाव मयूर अभयारण्य १९९४ साली झालं, सुमारे ३० चौरस किलोमीटरचं. मोरासाठी राखलेल्या अशा झुडपी रानात तितरालाही आसरा मिळतो.

पारध्याचा कान मात्र आता दुसऱ्या कामाला येऊ शकतो, तो म्हणजे मोजणीच्या. तितर दिसतो कमी आणि ऐकू येतो जास्त, तेव्हा त्याला कानानेच मोजावं लागतं. उजाडण्याआधी ठरल्या जागी उभं राहायचं, कुठल्या दिशेने हाक आली त्याची कागदावर खूण करायची, ठरलेली मिनिटं संपली की पुढच्या जागी जायचं. नवखा माणूस इथे आकडा फुगवतो. समोरून हाक आली, थोड्या वेळाने उजवीकडून आली, की तो दोन लिहितो. पण तितर पळणारा आहे, तोच एक नर जागा बदलून ओरडत असेल. दोन हाका एकमेकींवर चढल्या, एक संपायच्या आत दुसरी सुरू झाली, तरच दोन लिहायचे.