दुखत नाही, म्हणून आलो नाही

सकाळी ८.४५ : ओपीडी नऊला उघडते, पण ऊसपट्ट्यातल्या आमच्या ग्रामीण रुग्णालयाचा बाक आधीच भरलेला. मी इथे नेत्रचिकित्सा अधिकारी. चष्म्याचा नंबर काढतो, डोळे तपासतो. ऑपरेशनला जिल्ह्याला पाठवतो.

९.१५ : पहिल्याच आज्जी. तक्त्याचं सोडा, हाताची बोटंही त्यांना हातभर अंतरावरूनच मोजता आली. टॉर्च मारला, बाहुली पांढरीफटक. "मोती पिकल्यावर या म्हणाले हुते की!" ते जुन्या काळचं शास्त्र. आता थांबायचं कारण नाही. उलट फार पिकलेला मोतीबिंदू काढायला अवघड जातो, कधी फुगून डोळ्यातला दाबही वाढवतो. २०१५ ते २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधांपैकी ६६.२ टक्के मोतीबिंदूचेच निघाले. म्हणजे तिघांतले दोघे बरे होण्यासारखे, आणि तरी घरात बसून.

११.०० : ऊसतोडीवरचा पोरगा, डोळ्याला पात लागलेली. हा मात्र धावत आला, कारण ठणका. तरी मधले चार दिवस मेडिकलमधून आणलेले थेंब घातलेच होते. बाटली पाहिली : स्टेरॉइड. रंगाची पट्टी लावून निळा उजेड टाकला, तर बुबुळावर हिरवा डाग, कडा पिसासारख्या. बुरशीचा संशय. स्टेरॉइडने तिला रानच मोकळं मिळतं. वेळ गेली तर तिथे कायमचं फूल पडतं. चिठ्ठी लिहून आजच्या आज जिल्ह्याला धाडला.

१२.३० : मधुमेहाचे तिघे. बाहुली मोठी करायचे थेंब घालून बसवले. एकाच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके. त्याची तक्रार काहीच नव्हती.

१.१५ : चाळिशीचा चष्मा हवा म्हणून आलेले पन्नाशीचे शेतकरी. समोरचं सगळं वाचलं. सवयीने दाब मोजला : ३४. एकवीसच्या वर गेला की आम्ही सावध होतो. विचारल्यावर म्हणाले, हल्ली बाजूनं येणारी गाडी एकदम अंगावर आल्यागत वाटते. काचबिंदू असाच कडेकडेने खात येतो. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांवर राखता येते, हे सांगताना मला अजूनही शब्द जुळवावे लागतात. "पण दुखत तर न्हाई!" सख्ख्या भावांनाही तपासायला आणा म्हटलं. मान डोलावली, पण पटलेलं दिसलं नाही.

२.०० : डबा.

४.०० : उद्याच्या गाडीची यादी. साखर, बीपी बघितलं; एकाची साखर चढलेली, तो पुढच्या खेपेला. आज्जींच्या मुलाला फोन लावला. "सायेब, उसाला तोड आलीया, पुढच्या म्हयन्यात बघू." मी सुनेला फोन द्यायला सांगितलं. ती येते म्हणाली. नाव घातलं.