रेतीतला वाघ

दर्यापूरची चंद्रभागा पुढे पूर्णेला मिळते. पूर ओसरला की अशा नद्यांच्या काठी ओली रेती उघडी पडते. तिथून चालताना पायापुढून एक छोटा किडा भुर्रकन उडतो, चार-पाच हातांवर बसतो आणि पुन्हा आपल्याकडेच तोंड करून उभा राहतो. माशी समजून आपण पुढे जातो. पण वाचकहो, हा रेतीतला वाघ आहे! इंग्रजीत त्याला टायगर बीटल म्हणतात. आपण वाघभुंगेरा म्हणू.

याच्या भारतात दोनशेच्या वर जाती आहेत. त्यांपैकी कॅलोमेरा अँग्युलाटा ही नदीकाठच्या रेतीत राहणारी. लांबी जेमतेम सेंटिमीटरभर, पाठीवर फिकट नक्षी, तोंडाला विळ्यासारखे जबडे. मुंग्या, माश्या हे त्याचे भक्ष्य. वाघभुंगेरा इतका वेगाने धावतो, की धावताना त्याला भक्ष्य नीट दिसतच नाही! म्हणून तो मध्येच थांबतो, पाहतो आणि पुन्हा धावतो. अमेरिकेतील कोल गिल्बर्ट या शास्त्रज्ञाने १९९७ साली हे दाखवून दिले.

त्याची अळी मात्र जागची हलत नाही. मादी रेतीत अंडी घालते. अळी उभे बीळ करून त्यात राहते आणि आपल्या डोक्यानेच बिळाचे तोंड झाकते. किडा जवळ आला की झडप घालून त्याला आत ओढते. भक्ष्याने तिलाच बाहेर खेचू नये म्हणून तिच्या पाठीवर आकडे असतात. आयुष्याचा बहुतेक काळ ती याच बिळात काढते.

म्हणूनच काठावरची रेती खरवडून नेली, की भुंगेरा उडून जातो. अळी मात्र रेतीबरोबर ट्रॅक्टरमध्ये जाते. पुढची पिढीच संपते. रेती पाणीही धरून ठेवते, आणि आपल्या खारपाणपट्ट्यात गोड्या पाण्याची किंमत कुणी सांगायला नको.

घर बांधायला रेती लागते, ती भरणाऱ्या मजुराची चूल त्यावर पेटते, हे खरेच. दोष त्या मजुराचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली पाच हेक्टरांहून लहान घाटांनाही पर्यावरण परवानगी आवश्यक ठरवली. ती आहे का, किती ब्रासची आहे, हे ग्रामसभेत विचारणे आपल्या हाती आहे.

या सुट्टीत मुलांना नदीवर न्या. रेतीत पेन्सिलीएवढे गोल भोक दिसले, तर त्यात काडी घालू नका. दहा मिनिटे न हलता बसा. भोकाच्या तोंडाशी एक डोके हळूच वर येईल.