पाटीवर काय लिहावे?

अंबरनाथच्या शिवमंदिराला सहल नेली, की पहिली पंधरा मिनिटे हजेरी, चपला आणि पाण्याच्या बाटल्या यांत जातात. मग मुले देवळाभोवती एक फेरी मारतात, पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जातात, वर येतात आणि विचारतात, "बाई, आता डबा खायचा का?" ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या बहुतेक शिक्षकांनी हे अनुभवले असेल. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. साडेनऊशे वर्षांहून जुन्या भिंतीवर शेकडो शिल्पे एकदम समोर येतात आणि आधी कुठे पाहायचे हे कोणीच सांगितलेले नसते. संरक्षित स्मारकाच्या निळ्या पाटीवर तिथे काय करू नये आणि केल्यास शिक्षा काय, हे असते. ते आवश्यकच आहे. पण त्यातून देऊळ उलगडत नाही.

आधी कुठे पाहायचे, काय सांगायचे, कोणाला सांगायचे आणि काय मुद्दाम सांगायचे नाही, हे ठरवण्याचा एक स्वतंत्र व्यवसाय आहे. इंग्रजीत त्याला इंटरप्रिटिव्ह प्लॅनिंग म्हणतात. मराठीत रुळलेला शब्द नाही. 'अर्थनिर्णय' कोर्टातला वाटतो, 'भाष्य' कीर्तनातले. आपण येथे 'उलगडा-नियोजन' म्हणू. मार्गदर्शक पाहुण्यांसमोर उभा राहून बोलतो. नियोजकाचे काम पाहुणे येण्याच्या कितीतरी आधी सुरू होते आणि ते नीट झाले तर त्याचे अस्तित्वही कळत नाही.

या कामाचा पाया अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत घातला गेला. फ्रीमन टिल्डन या लेखकाने १९५७ साली त्यावर एक छोटे पुस्तक लिहिले, ते आजही वाचले जाते. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की माहिती देणे म्हणजे उलगडा नव्हे; माहितीच्या आधारे पाहणाऱ्याला काही दिसू लागले तर तो उलगडा. त्याचे आणखी एक मत शिक्षकांना पटेल. मुलांसाठीचे सांगणे हे मोठ्यांच्या सांगण्याचे पाणी घातलेले रूप नसावे, त्याची मांडणीच वेगळी हवी.

हे अंबरनाथला कसे लावायचे? आम्ही काही शिक्षकांनी प्रयत्न करून पाहिला. संरक्षित स्मारकावर काही चिकटवता येत नाही, ते योग्यही नाही. म्हणून हातात धरायचे पुठ्ठे केले.

पहिला प्रश्न, येते कोण? रोज सकाळी दर्शनाला येणारे भाविक, सहलीची मुले, छायाचित्रे काढणारे हौशी आणि महाशिवरात्रीच्या जत्रेची अफाट गर्दी. भाविकाला गाभाऱ्याच्या तोंडाशी पाटी नको असते, वाट मोकळी हवी असते. गाभारा सुमारे वीस पायऱ्या खाली आहे आणि वर आकाशाला उघडा आहे. ही रचना समजण्यासाठी देवळाचा उभा छेद दाखवणारे चित्र फार उपयोगी पडते. आमचा पहिला विचार ते चित्र पायऱ्यांच्या वरच्या टोकाला दाखवण्याचा होता. पण पंचवीस मुले तिथे थांबली तर दर्शनाची रांग अडते. तेव्हा चित्र बाहेर, मोकळ्या जागेत आले.

दुसरा प्रश्न सूत्राचा, आणि आमचा बहुतेक वेळ यातच गेला. 'अंबरनाथचे शिवमंदिर' हा विषय झाला. सूत्र म्हणजे एक पुरे वाक्य, पाहणाऱ्याने घरी नेण्याजोगे. आमचे पहिले वाक्य होते, 'शिलाहारांच्या काळात उत्तर कोकणात शिल्पकला बहरली होती.' वाक्य खरे आहे, पण सातवीच्या मुलाने त्याचे काय करावे? दुसरे असे, 'बांधणाऱ्यांनी तारीख दगडात लिहून ठेवली, म्हणून या देवळाविषयी आपल्याला अंदाज करावा लागत नाही.' हे आम्हाला फार आवडले. देवळाच्या उत्तरेच्या दारावरील तुळईच्या आतल्या अंगाला शिलालेख आहे. त्यात शके ९८२ हे वर्ष आणि शिलाहार राजा मुम्मुणी याचे नाव येते. ९८२ मध्ये ७८ मिळवले की इसवी सन १०६०. मुलांना ही बेरीज स्वतः करायला आवडते.

पण खोलात गेल्यावर सूत्र डळमळले. एकोणिसाव्या शतकात या लेखाचे जे पहिले वाचन झाले, त्यात हा आकडा ७८२ असा वाचला गेला होता. पुढे काळजीपूर्वक पाहिल्यावर तो ९८२ ठरला. झिजलेल्या दगडावरचा एक अंक, आणि देऊळ दोनशे वर्षांनी मागेपुढे! शिवाय लेखात मुम्मुणीचा थोरला भाऊ छित्तराज याचेही नाव आहे, त्यामुळे काम त्याच्या काळी सुरू होऊन मुम्मुणीच्या काळी पुरे झाले असावे, असे अभ्यासक मानतात. मग पुठ्ठ्यावर 'बांधले' लिहायचे की 'पूर्ण केले'? अखेर आमचे सूत्र असे झाले, 'दगड पुरावा देतो, पण तो माणसालाच वाचावा लागतो.' विज्ञानाच्या शिक्षकांना हे सूत्र इतिहासाच्या शिक्षकांपेक्षा अधिक आवडले, हे नमूद करायला हवे.

तिसरा प्रश्न अधिक नाजूक होता. हे देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधले आणि उजाडल्यामुळे शिखर अपुरे राहिले, अशी कथा या परिसरात सर्वत्र सांगतात. मुलांनी ती घरी ऐकलेली असते. 'ही केवळ दंतकथा आहे' असे छापले तर मूल आजीकडे पाहते आणि पाटीवरचा विश्वास उडतो, किंवा आजीवरचा. कथा गाळली तर ती गैरसमजासारखी मनात राहते. आम्ही कथेतला प्रश्न उचलला. शिखर नाही, हे लोकांनी अचूक पाहिले होते. कथा म्हणजे त्यांनी शोधलेले उत्तर. म्हणून पुठ्ठ्यावर मुलांना मान वर करून अपुरा भाग शोधायला सांगितले, खाली लोक काय सांगतात ते लिहिले आणि शेजारी शिलालेख काय सांगतो ते. निवाडा दिला नाही. सातवीची मुले तो आपणच देतात.

'हेमाडपंती' हा शब्द मात्र आम्ही काढून टाकला. बिनचुन्याचे काळ्या दगडाचे देऊळ दिसले की आपण सवयीने तो वापरतो. हेमाद्री हा यादवांचा मंत्री तेराव्या शतकातला, म्हणजे या देवळानंतर दोनशे वर्षांनी झालेला. देवळाची शैली भूमिज. सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर याच जातकुळीचे.

एक गोष्ट आम्ही टाळू पाहत होतो, पण टळली नाही. देवळाला लागून वालधुनी नदी वाहते. तिची आजची अवस्था नाकाला आधी कळते. नदीचा उल्लेख न करता देवळाची जागा समजावणे अशक्य, आणि 'रम्य नदीकाठ' लिहिणे म्हणजे मुलांसमोर खोटे बोलणे. आम्ही एवढेच लिहिले: नदी पाहा, वास घ्या, आणि देऊळ बांधणाऱ्यांनी ही जागा का निवडली असेल ते सांगा. १८६८ साली मुंबईच्या कला शाळेतील मंडळींनी सरकारी आदेशावरून येथे येऊन शिल्पांची रेखाटने केली आणि साचे घेतले. अशी जुनी चित्रे आजच्या शिल्पांशी ताडून पाहिली, तर किती झीज झाली ते दिसते. 'हात लावू नका' या सूचनेपेक्षा ही तुलना अधिक काम करते.

दिसणाऱ्या वस्तूचा उलगडा एक वेळ सोपा. न दिसणाऱ्याचे काय करायचे? कल्याणच्या मुलांना आपले गाव जंक्शन म्हणून माहीत असते. पण इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत कल्याण बंदराचे नाव आहे, तेथे येणारी ग्रीक जहाजे पकडून पहाऱ्यात भडोचला नेली जात, असेही तिच्यात म्हटले आहे. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचे टाके दान दिल्याचा लेख आहे. बंदर तर आज दाखवता येत नाही. अशा वेळी उल्हास नदीच्या काठी उभे राहून नकाशा हातात देणे, एवढेच नियोजकाच्या हाती असते.

ठाण्यात एका शब्दावर सारे अवलंबून आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आलेली गाडी 'भारतातली पहिली रेल्वे' नव्हे. मद्रासजवळ रेड हिल्सचा लोहमार्ग १८३७ पासून दगड वाहत होता आणि रुडकीला १८५१ मध्ये कालव्याच्या कामासाठी इंजिन धावले होते. ठाण्याची गाडी पहिली 'प्रवासी' रेल्वे. तो शब्द गळला तर पाटी चुकते. खाडी ओलांडून हा मार्ग १ मे १८५४ रोजी कल्याणला पोचला. डोंबिवलीची मुले रोज त्याच वाटेने जातात, पण त्यासाठी पाटी लिहावी असे कोणाला फारसे सुचत नाही.

ज्या विद्यार्थ्यांना या कामाची ओढ वाटेल त्यांनी लक्षात घ्यावे, की आपल्याकडे या नावाची नोकरी क्वचितच निघते. संग्रहालयाचे अभिरक्षक, वास्तुविशारद, मांडणीकार आणि शिक्षक मिळून हे काम करतात. संग्रहालयशास्त्राचे शिक्षण बडोद्याच्या विद्यापीठात १९५२ पासून मिळते. पुरातत्त्व, भूगोल, चित्रकला, इतकेच काय मराठी घेऊनही या कामाकडे वळता येते. पन्नास शब्दांत नेमके लिहिता येणे ही मात्र अट आहे.

शाळेत याचा सराव सोपा आहे. गावातले एक तळे, पिंपळाचा पार किंवा जुना वाडा घ्यावा. मुलांनी आधी सूत्र लिहावे, मग पुठ्ठ्यावर पन्नास शब्द. तो पुठ्ठा दुसऱ्या तुकडीच्या मुलांच्या हाती द्यावा आणि लिहिणाऱ्याने तोंड बंद ठेवून लांबून पाहावे: कुठे थांबतात, काय पुन्हा वाचतात, कुठे पुठ्ठ्याचा पंखा होतो. तोंड बंद ठेवणे हा यातला सर्वांत अवघड भाग, विशेषतः आपल्या शिक्षकांना.

आमचा शिलालेखाचा पुठ्ठा तिसऱ्या खेपेस पुरा झाला, तेव्हा आम्ही समाधानाने पश्चिमेच्या मुख्य दाराशी मुलांना वाचायला दिला. एका मुलीने तो पूर्ण वाचला, दाराची चौकट खालपासून वरपर्यंत शोधली आणि विचारले, "पण तो आकडा आहे कुठे?" लेख उत्तरेच्या दाराला होता. तेव्हापासून तो पुठ्ठा आम्ही उत्तरेच्या दारात गेल्यावरच वाटतो.