फुलं भरपूर, टोमॅटो शून्य! असं का होतं?

मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीत बाल्कनीत टोमॅटो लावला असेल, तर एप्रिलमध्ये हे पाहिलंच असेल. रोप हिरवंगार, पिवळी फुलं भरपूर, पण फळ धरायच्या आधीच फुलं देठासकट गळतात. मग आपण काय करतो? आणखी खत घालतो. थांबा! नत्र जास्त झालं की पानंच वाढतात. खरी गडबड रात्रीच्या उकाड्यात आहे.

दिवसा ३५ अंशांच्या वर आणि रात्रीही २४च्या खाली उतरत नसेल, तर परागकण नीट तयार होत नाहीत. मे महिन्यात मुंबईची रात्र २७च्या आसपास असते. त्यात दमट हवा, म्हणजे परागकण चिकटून बसतात, सुटतच नाहीत. आणि हे नुकसान फूल उमलायच्या ८-१० दिवस आधीच सुरू झालेलं असतं.

मग वाण कुठलं निवडायचं? सोपा नियम: फळ जितकं लहान, तितकी उन्हाळ्यात टिकायची शक्यता जास्त. अमेरिकेतलं ‘ब्रँडीवाइन’ चवीला भारी, पण उकाड्यात फळ धरायला कुरकुरतं. त्यापेक्षा चेरी टोमॅटो, छोटे आंबट गावरान टोमॅटो किंवा दमट फ्लोरिडासाठी तयार झालेलं ‘होमस्टेड’ बघा.

वेळही महत्त्वाची. सप्टेंबरअखेर बी टाका, म्हणजे फुलं थंडीत येतील. मार्चपासून दुपारी शेडनेट लावा. सकाळी फुलांचा घोस बोटाने हलकेच झटका, पराग मोकळे होतात. हिरवं रोप एकदम मान टाकत असेल, तर खोड कापून पाण्यात धरा. दुधाळ धागे सुटले तर तो जिवाणूजन्य मर रोग. ती माती पुन्हा टोमॅटो, वांगी, मिरचीला वापरू नका.

आता सगळ्यात भारी भाग. संकरित टोमॅटोचं बी पेरलं तर पुढची रोपं सारखी निघत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या वाणाचं बी मात्र बहुतेक आईसारखंच निघतं. म्हणून उन्हाळ्यात सगळ्यात शेवटपर्यंत फळ धरणारं निरोगी रोप हेरा. त्याचंच फळ पूर्ण पिकू द्या, गर २-३ दिवस आंबवा, बी धुऊन सावलीत वाळवा. दरवर्षी हेच केलंत तर हळूहळू तुमच्या बाल्कनीला जमणारं बी तुमच्या हातात येईल.

यंदा निदान एका रोपाला नावाची चिठ्ठी लावा. भेटू पुढच्या भागात!