दम्माममधील मराठी रसिक आणि फ्रेंच व्हाइट वाइन : चाखावी कुठे, जपावी कशी

सौदी अरेबियात १९५२ पासून मद्यबंदी आहे. जानेवारी २०२४ मध्ये रियाधच्या राजनैतिक वसाहतीत बिगर-मुस्लिम राजनैतिक अधिकाऱ्यांसाठी मद्याचे दुकान उघडल्याची बातमी आली, तेव्हा अनेक परदेशी नोकरदारांच्या आशा पल्लवित झाल्या. मात्र तेवढ्यावरून कायदा शिथिल झाला असे समजणे धोक्याचे आहे. दम्माममध्ये घरी बाटली बाळगणे, द्राक्षरस आंबवून वाइन करणे किंवा बहरीनहून किंग फहद सेतूवरून एखादी बाटली आणणे हा गुन्हाच आहे. त्याची परिणती तुरुंगवासात आणि देशातून हकालपट्टीत होऊ शकते. बहरीनमध्ये मद्यविक्री कायदेशीर असली, तरी मद्यप्राशन करून सेतू ओलांडणेही तितकेच जोखमीचे. ज्यांना उत्तम फ्रेंच व्हाइट वाइनची आवड आहे, त्यांनी तिचा आस्वाद सुट्टीत घ्यावा आणि संग्रह सौदीबाहेरच ठेवावा, हे उघड आहे. प्रश्न उरतो तो निवडीचा आणि जपणुकीचा.

सर्वच व्हाइट वाइन साठवण्यासाठी नसतात. बहुतेक बाटल्या दोन-तीन वर्षांत पिण्यासाठीच तयार होतात. ल्वार खोऱ्यातील सॉसेर ही सोव्हिन्यों ब्लाँ द्राक्षाची वाइन सामान्यतः तरुणपणीच खुलते. दीर्घकाळ टिकण्यासाठी वाइनमध्ये भरपूर आम्लता, सत्त्व किंवा साखर लागते. बर्गंडीतील मर्सो आणि प्युलिन्यी-मोंराशे या शार्दने द्राक्षाच्या वाइन, ल्वारमधील व्हुव्रे आणि साव्हेनियेर या शेनँ ब्लाँच्या वाइन, तसेच अल्सासची रीझलिंग या वर्षानुवर्षे परिपक्व होतात. बोर्दोजवळच्या सोतेर्नची गोड वाइन तर अनेक दशके टिकते. तेथील शातो दिकेमला १८५५ च्या वर्गवारीत सर्वोच्च दर्जा मिळाला होता. एक सावधगिरी मात्र हवी. १९९० च्या दशकाच्या मध्यापासूनच्या बर्गंडीच्या अनेक व्हाइट वाइन अपेक्षेपेक्षा फार लवकर ऑक्सिडीकृत झाल्याचे आढळले. त्यामुळे महागड्या एकाच बाटलीवर दहा वर्षांची भिस्त ठेवू नये. शक्य असल्यास एकाच वाइनच्या तीन-चार बाटल्या घ्याव्यात आणि दर काही वर्षांनी एक उघडून पाहावी.

साठवणुकीचे सूत्र सोपे, पण आचरण कठीण आहे. साधारण १२ ते १३ अंश सेल्सिअस स्थिर तापमान, सुमारे ७० टक्के आर्द्रता, अंधार आणि कंपनांपासून मुक्तता हवी. बूच ओले राहावे म्हणून बाटली आडवी ठेवतात. बूच सुकले की हवा आत शिरते. उष्णतेने वाइन अकाली म्हातारी होते आणि तापमानाच्या चढउताराने बूच सैल पडते. घरगुती फ्रिज काही आठवड्यांसाठी चालतो, वर्षांसाठी नाही. तेथील हवा कोरडी असते आणि कॉम्प्रेसरची कंपने सतत चालू असतात. पुण्या-नाशिकच्या बंद घरात मे महिन्यात बाटली ठेवणे म्हणजे ती घालवणेच. वाइनसाठीचे खास शीतकपाट घेतले, तरी वीज गेल्यावर लक्ष द्यायला घरात कोणी असले पाहिजे.

म्हणूनच मोठ्या संग्रहासाठी युरोपातील व्यावसायिक साठवण-गोदाम अधिक सुरक्षित असते. भारतात येताना करमुक्त सवलत दोन लिटरची आहे. तीत ७५० मिलीलिटरच्या दोनच बाटल्या बसतात. शिवाय महाराष्ट्रात मद्य बाळगण्यास परवाना लागतो. फ्रान्सहून परतताना सामान दम्माममार्गे नेणे टाळावे. थेट मुंबईस जाणारा मार्ग निवडावा.

आस्वाद घेताना वाइन बर्फगार करू नये. परिपक्व बर्गंडीस १२ ते १३ अंश योग्य. फार थंडीत गंध झाकला जातो. प्रथम रंग पाहावा : तरुणपणी फिकट हिरवट, वयानुसार सोनेरी. तपकिरी छटा आणि डागाळलेल्या सफरचंदाचा गंध आला, तर वाइन ऑक्सिडीकृत झाली आहे. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास हा बुचाचा दोष असतो. जुन्या रीझलिंगमधील रॉकेलसदृश गंध मात्र अनेक जाणकारांच्या लेखी दोष नव्हे. घोट घेतल्यावर आम्लता, मध व सुक्या मेव्याची छटा आणि चव किती वेळ रेंगाळते, ते न्याहाळावे.

ही पारख घडवण्यासाठी खर्चिक बाटलीच हवी असे नाही. २००० मध्ये सुला कंपनीच्या नाशिकमधील पहिल्या वाइन याच ल्वारच्या द्राक्षांच्या, शेनँ ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँच्या होत्या. त्या ताज्याच प्याव्यात. सुट्टीत नाशिकला एक शेनँ चाखून पुढे फ्रान्समध्ये व्हुव्रे चाखली, तर एकाच द्राक्षाला माती, हवामान आणि काळ काय देतात, ते उमगते.