गच्चीचा कठडा

हडपसरला फ्लॅटचा ताबा मिळाला, की लहान मूल असलेलं घर आधी गॅलरीला जाळी बसवून घेतं. ज्यूंच्या तोरात, 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या 22व्या अध्यायात, नवं घर बांधणाऱ्यानं गच्चीला कठडा करावा असा नियम आहे. पुढच्या धर्मपंडितांनी उंचीही ठरवली: किमान दहा मुठी, म्हणजे अडीच-तीन फूट. गच्चीच बंद करा, असं कुणी म्हटलं नाही. माणसं तिथं वावरणार, हे धरलेलंच आहे. मुलांच्या मोबाइलचंही तसंच. 'जेवताना नाही, नवानंतर नाही' हा कठडा. 'बरं, आजच्या दिवस बघ' ही तुटकी जाळी.

पण कठडा आधी मोठ्यांनी पाळायचा. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंचा तेलघाणा शनिवारी थांबे, म्हणून गावानं त्यांना 'शनवार तेली' म्हटलं. त्या घरात मुलांना शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती, वेगळा समजवावा तो काय? घरचा घाणाच बंद. आपण मात्र ताटाशेजारी फोन ठेवून पोरावर ओरडतो!

आणि शिक्षेचं काय? त्याच 'अनुवादा'त हट्टी, बंडखोर मुलाला दगडमाराची शिक्षा आहे. तालमूद या ज्यूंच्या धर्मग्रंथातल्या पंडितांनी तिला इतक्या अटी लावल्या, की असा मुलगा कधी झालाच नाही नि होणारही नाही, असं एक मत तिथंच नोंदलेलं आहे.