भातुकलीची किटली रुळावर कशी धावते?

आमच्या मॉडेल रेल्वेवाल्या मित्रमंडळींच्या स्पर्धेत यंदा एकीने चक्क भातुकलीतल्या किटलीचं इंजिन पळवलं! तेव्हापासून सगळे विचारतायत, हे जमतं कसं?

खरी करामत खालच्या चाकांच्या सांगाड्यात आहे. हा सांगाडा एन स्केलचा, म्हणजे १:१६० मापाचा, दोन रुळांतलं अंतर ९ मिमी. त्याच सांगाड्यावर १:८७ मापाची बॉडी चढवली की गाडी थेट नॅरोगेज दिसते. आणि नॅरोगेजवर काहीही शोभतं!

वजन मात्र खाली आणि मध्यावर हवं. आत लोखंडी वॉशर चिकटवा, नाहीतर वळणावर गाडी कलंडते. बॉडीला साधा पुठ्ठा उत्तम.

व्यंगचित्रकार रोलंड एमेट यांची अशीच चक्रम गाडी १९५१ मध्ये लंडनच्या बॅटरसी पार्कमध्ये खरीखुरी माणसं घेऊन धावली होती. तिचे फोटो जरूर बघा.

मोटर, रूळ, रंग, काहीही विचारा. सांगायला आवडेल.